अकरा किलोंचा तांडेल

कॅनडात सरकारी मान्यतेचं लाइफ जॅकेट नऊ किलो वजनापासून पुढे मिळतं. त्याहून हलक्या बाळाला ते नीट बसत नाही, तेव्हा वजन भरेपर्यंत त्याला होडीत नेऊ नका, असं सरकारच सांगतं. मागच्या उन्हाळ्यात माझा मुलगा चिकू साडेआठ किलोंवर अडून बसला होता. मी त्याला नाचणीचं सत्त्व भरवत होते, भिंतीवरच्या कॅलेंडरावर ऑगस्ट संपत होता, आणि काटा काही हलत नव्हता. मग बर्फ पडला. या वर्षी जुलैत त्याला काट्यावर उभं केलं तर अकरा किलो! बावीस महिन्यांचा, धावणारा, कुठल्याही कठड्यावर पोट टेकवून पलीकडे वाकणारा असा तो झाला होता. म्हणजे न्यायची परवानगी मिळाली तोवर नेणं जास्त अवघड होऊन बसलं होतं.

जायचं होतं अल्गॉनक्विनला. मिसिसागाहून साडेतीन तासांवरचं हे अरण्य 1893 साली राखीव झालं. ओंटारिओतलं हे सर्वात जुनं प्रांतीय उद्यान, साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठं, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. आत दीड हजारांवर तलाव. बहुतेक ठिकाणी मोटारीचा रस्ता नाही. कनूत बसायचं, तलाव ओलांडायचा, मग कनू खांद्यावर उलटी घेऊन जंगलातून पुढच्या तलावापर्यंत चालायचं. या वाहण्याला इथे पोर्टेज म्हणतात. लग्नाआधी मी दोन उन्हाळे हे सगळं शिकले होते आणि तेव्हापासून ‘मूल झालं की त्यालाही’ असं मनात धरून होते.

माझा नवरा नागपूरचा. पाण्याशी त्याचं नातं अंबाझरीच्या काठावर भुट्टा खाण्यापुरतं. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, “मी किनाऱ्यावरचा माणूस. कुणीतरी किनाऱ्यावर पाहिजेच ना.” त्यामुळे कनूतली तिसरी जागा माझ्या बाबांना मिळाली. ते या वर्षी देवबागहून आले होते, वय अडुसष्ट, पोस्टातून निवृत्त. लहानपणी मामाची होडी कर्ली खाडीतून कोरजाईला ने-आण करण्यात त्यांचे हात तयार झालेले. मी बेत सांगितला तेव्हा त्यांना हसू आवरेना.

“कनू? ह्या तर माणसाचा नाव झाला.”

आठवडाभर घरात तालीम चालली. लाइफ जॅकेट आणल्या दिवशी चिकूने ते असं काही झिडकारलं की जणू आम्ही त्याला शिक्षाच करतोय. लहानांच्या जॅकेटला मानेमागे मोठी फुगीर कॉलर असते, बेशुद्ध बाळाचंही तोंड वर राहावं म्हणून. मागे उचलायला पट्टा असतो, आणि मांड्यांमधून जाणारा एक पट्टा असतो. तो नसेल तर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर, अशी गत होते. ह्या मधल्या पट्ट्यावरून सगळा तमाशा. शेवटी बाबांनी स्वतः माझं जॅकेट घातलं, सोफ्यावर बसले, आणि लाटण्याने हवा वल्हवायला लागले. दुसऱ्या दिवसापासून चिकू जॅकेट घालूनच वरणभात खाऊ लागला. मग सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात उतरवून पाहिलं. पाठीवर तरंगला, रडला, पण तोंड वर राहिलं. मला एवढंच बघायचं होतं.

बाबांशी वाद झाला तो दोरीवरून. “कमरेक दोरी बांध त्याच्या,” ते म्हणाले, “आवस माका अशीच बांधून ठेवी.” मी नाही म्हटलं. मुलाला होडीला कधीच बांधायचं नाही. होडी उलटली तर तीच दोरी त्याला तिच्याखाली धरून ठेवते. बाबा गप्प झाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले की त्यांची होडी रुंद होती, चार माणसं एका अंगाला गेली तरी हलत नसे. माझ्या मनात आलं, रुंद होडीतला शहाणपणा अरुंद होडीत चालत नाही. पण ते मी बोलले नाही; वडील आपल्या घरी पाहुणे असले की काही वाक्यं गिळायची असतात.

आदल्या रात्री हंट्सव्हिलला मुक्काम केला. लहान मुलाला साडेतीन तास मोटारीत बांधून लगेच पुढे होडीत बांधल्यासारखं बसवणं म्हणजे संकटाला आवतण. शिवाय तलाव सकाळी शांत असतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि पाणी उसळायला लागतं. आठ वाजता आम्ही कनू लेकच्या धक्क्यावर होतो. ऑगस्टचा तिसरा आठवडा. मे-जूनमध्ये इथे काळ्या माश्या माणसाला जंगलात उभं राहू देत नाहीत, त्या आता संपल्या होत्या. पाण्यावर पातळ धुकं होतं, आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. झाडपाल्याचा, दलदलीतला अर्क उतरून ते तसं होतं. बाबांनी वाकून ओंजळभर घेतलं आणि मी ओरडायच्या आत चाखलं.

“गोडा आसा,” त्यांनी जाहीर केलं. खाडीकाठच्या माणसाची पाण्याबद्दलची पहिली चौकशी ती.

खरं सांगायचं तर कनू लेक म्हणजे काही निबिड अरण्य नव्हे. अल्गॉनक्विनचं सर्वात गजबजलेलं दार आहे ते. धक्क्याला लागून कनू भाड्याने देणारं दुकान, खाण्याची सोय, काठावर जुन्या काळापासूनची काही घरं, मुलांची उन्हाळी शिबिरं, त्यांच्या मोटरबोटी. पण मी मुद्दाम हेच दार निवडलं. बावीस महिन्यांच्या मुलासोबत पहिल्यांदा जाताना हाकेच्या अंतरावर माणसं असावीत.

कनूसोबत एक प्लॅस्टिकचा डबा मिळाला. त्यात पंधरा मीटरची तरंगणारी दोरी, एक शिट्टी. आणि रिकामा डबा हाच पाणी उपसायचा मग. हे सगळं कायद्याने जवळ ठेवावं लागतं. पिशवीत आमचं सामान: दोन जोड कपडे, लंगोट, टोपी, थालीपीठ, दहीभाताचा स्टीलचा डबा. अल्गॉनक्विनच्या आतल्या भागात टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत. तिथे स्टीलच्या डब्याला मान आहे, हे ऐकून बाबांचा या देशाबद्दलचा आदर एकदम वाढला.

बाबा पुढे नाळीवर, मी मागे, आणि चिकू माझ्या गुडघ्यांपुढे तळाशी फोमच्या चटईवर. माझा हात त्याच्या पाठीवरच्या पट्ट्यापर्यंत पोहोचेल, इतक्याच अंतरावर. मागचा माणूस दिशा धरतो, पुढचा ताकद देतो. अडचण लगेच लक्षात आली. होडी वल्हवताना माणूस मागे तोंड करून बसतो. बाबांना आयुष्यभर मागे राहिलेला किनारा बघत पुढे जायची सवय. इथे तोंड पुढे. नातू पाठीमागे. दर मिनिटाला ते वळून बघायचे, आणि त्यांच्या वळण्याने कनू डावीकडे कलायची, की चिकूला वाटायचं हा खेळ आहे, की तोही कलायचा.

“बाबा, मागे वळू नका.”

“तो करता काय ता तरी सांग.”

मग मी सांगत राहिले. आता टोपी काढली. आता टोपी चाटतोय. आता टोपी पाण्यात. (टोपी परत मिळाली. दोरीने बांधलेली होती. त्याला नव्हतं बांधलं, टोपीला बांधलं होतं.)

कनू हा सगळ्यांचा एकत्र तोल असतो. बाबा साठ-बासष्ट किलोंचे, मी अठ्ठावन्न, पण आमच्या दोघांच्या वजनाला अक्कल होती. ते जिथे ठेवलं तिथे राहायचं. अकरा किलोंना अक्कल नव्हती, आणि म्हणून कनू कुठे जायची, कधी थांबायची हे सगळं त्या अकरा किलोंनी ठरवलं. नियम मी एकच ठेवला: हात पाण्यात घालायला मोकळीक, पण हनुवटी काठाबाहेर गेली की पट्टा धरायचा. पहिल्या अर्ध्या तासात मी सोळा वेळा पट्टा धरला. बाबांनी मोजलं. वळता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

माझा बेत होता जो लेकला जायचा. उत्तर टोकापर्यंत वल्हवायचं, धरणाशी तीनशे मीटरांचं पोर्टेज, पलीकडे शांत तलाव, तिथे जेवण. वाटेत टॉम थॉमसनचं स्मारकही दिसलं असतं. कॅनडाच्या निसर्गचित्रांत ज्याचा हात अजून ओळखू येतो तो चित्रकार. ऑटवाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातलं त्याचं ‘द जॅक पाइन’ इथल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. तो याच उद्यानात वाटाड्याचं काम करायचा. जुलै 1917 मध्ये याच तलावावर एकटा कनू घेऊन निघाला, रिकामी कनू सापडली, आणि आठ दिवसांनी तो. वय 39. बुडाला, की कुणी मारलं, यावर अजून वाद चालतात. हे सगळं मी हंट्सव्हिलच्या खोलीत रात्री पुन्हा वाचलं होतं, का कुणास ठाऊक. बाबांनी सकाळी विचारलं, “त्या दगडाच्या मनोऱ्याचा फोटो दाखवलस, ता कोणाचा?” मी म्हटलं, “एका चित्रकाराचा.” आणि विषय बदलला.

तिथवर आम्ही पोहोचलोच नाही, त्यामुळे पुढचे प्रश्न टळले.

पोहोचलो नाही याचं पहिलं कारण तो प्लॅस्टिकचा डबा. दोरी आणि शिट्टी बाहेर काढून चिकूने त्याचा खरा उपयोग शोधून काढला. पाणी आत घ्यायचं, कनूत ओतायचं, कनूतलं पुन्हा डब्यात भरायचं, माझ्या बुटात ओतायचं. मी उत्तरेला वल्हवत होते, समोर शंभर फूट उंच पांढऱ्या पाइनची झाडं वाऱ्याच्या दिशेने एका अंगाला झुकलेली, त्याखाली अब्जाहून जास्त वर्षांचा गुलाबी-करडा खडक, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला. चिकूने त्यातल्या कशाकडे पाहिलं नाही. त्याचं अरण्य फार तर दीड हात लांब होतं. एका कोळ्याला त्याने कनूच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत नजरेने पोहोचवलं. कमळाच्या पानावर बसलेला निळा चतुर दिसला तेव्हा तो इतका स्तब्ध झाला की मला वाटलं याला झोप आली. मी म्हटलं, “चिकू, तो बघ कासव, ओंडक्यावर!” त्याने बघितलं, म्हणाला, “मासा.” पाण्यातलं सगळं मासाच. आणि परत डबा.

शिट्टीही त्याच्या हाती लागली. ती संकटात वाजवायची असते. दूरवरच्या दोन कनू थबकल्या, एक माणूस उभा राहून आमच्याकडे बघायला लागला. मी वल्हं आडवं उचलून हलवलं, सगळं ठीक आहे अशा अर्थाने. मला वाटतं त्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

दहाच्या सुमाराला एक मोटरबोट तलावाच्या मधून गेली. चालकाने वेग कमी करायला हवा होता, केला नाही. तिची लाट आमच्या डाव्या कुशीकडे येताना दिसली आणि माझ्या हातात जे काही शिकलेलं होतं ते क्षणभर कुठेतरी गेलं. मी एका हाताने चिकूचा पट्टा धरला. एका हाताने वल्हं फिरत नाही.

“लाट कुशीर घेव नको! नाळ फिरव, नाळ!”

बाबांनी पुढूनच वल्हं पाण्यात रोवलं आणि सगळं अंग लावून नाळ लाटेकडे ओढली. हा हात मिसिसागाच्या सोफ्यावरचा नव्हता, कर्लीच्या तोंडाशी समुद्र आत शिरतो तिथला होता. कनू लाटेवर चढली, उतरली, पुन्हा चढली. चिकू हवेत उचलल्यासारखा झाला आणि खदखदून हसला. तळाशी दोन बोटं पाणी आलं. मी थरथरत होते. बाबा वळून बघत नव्हते. आता नियम पाळत होते.

“उपस म्हणा त्याका,” ते म्हणाले. “तांडेल आसा ना तो.”

आणि त्याने खरंच उपसलं. सकाळपासून तेच तर करत होता.

त्यानंतर मी कनू सरळ पश्चिमेच्या एका छोट्या आखातात वळवली आणि जो लेकचा नाद सोडला. एका सपाट खडकाला लागलो. उतरताना आधी मी पाण्यात पाय टाकला, मग चिकूला पट्ट्याने उचलून खडकावर, मग बाबा. खडकाच्या फटीत ब्लूबेरीची झुडपं, दाण्याएवढी निळी फळं. चिकूने एक खाल्लं, एक बाबांच्या तोंडात, एक माझ्या. थालीपीठ त्याने मुंग्यांना वाढलं. लंगोट बदलला, वापरलेला पिशवीत बांधला. इथे मागे काहीच ठेवायचं नसतं.

बाबा खडकावर पाय सोडून बसले होते. मी त्यांना सांगत होते की कनू ही इथल्या अनिशिनाबे लोकांची देणगी. बर्चच्या सालीची, सीडरच्या फासळ्यांची, स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली. तिला ते जीमान म्हणतात. त्यांची तान्ही बाळं तिकिनागन नावाच्या फळीवर गुंडाळून बांधलेली असत आणि सगळं घरदार कनूतून हिंडे. बाबा म्हणाले, त्यात काय, ते चाळीस दिवसांचे असताना आवस त्यांना मांडीवर घेऊन होडीने कोरजाईला माहेरी गेली होती, पाऊस होता. त्यांना ते आठवत नव्हतं, सांगितलेलं आठवत होतं. आणि मी आठवडाभर तालीम करून, कायद्याचं सगळं सामान जमवून, धक्क्यापासून दीड-दोन किलोमीटरांवर आले होते, आणि याला सहल म्हणत होते. त्यांच्याकडे जाण्याचं कारण होतं. माझ्याकडे फक्त हौस होती. पण हौसेला लाइफ जॅकेट घालायला काय हरकत आहे?

परतीला निघालो आणि पाचव्या मिनिटाला चिकू झोपला. बसल्या बसल्या, कॉलरवर गाल टेकून, हातात डबा. मी त्याच्यावर छत्री अडकवली.

“तांडेल निजलो,” मी कुजबुजले.

“आता खय जावचा?”

कुठेच नाही. धक्क्याला लागलो असतो तर कनू घासली असती, माणसांचे आवाज आले असते, जाग आली असती, आणि दुपारची झोप मोडलेलं मूल काय करतं ते आई-आजोबा दोघांनाही माहीत होतं. म्हणून आम्ही त्या आखातात गोल फिरत राहिलो. वल्हं पाण्याबाहेर न काढता, तसंच कडेने फिरवून पुन्हा पुढे न्यायचं. त्याने आवाज होत नाही. मी बाबांना दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं.

तेव्हा लून पक्षी ओरडला. आधी लांब, वर चढत जाणारा एकच स्वर, मग पलीकडच्या काठावरून दुसऱ्याचं उत्तर. बाबांचं वल्हं थांबलं. मग तो आमच्यापासून तीस हातांवर वर आला: काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या चौकडीची नक्षी. मागे एक करडं पिल्लू, आता मोठं झालेलं. जन्मल्यावर पहिले दोनेक आठवडे ही पिल्लं आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. हे त्या वयाचं उरलं नव्हतं. बाबांनी न वळता विचारलं, “पाणकावळो?” मी म्हटलं, “तुमच्या खिशातला एक डॉलर बघा नंतर.” कॅनडाच्या डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी असतो, 1987 पासून, म्हणून त्या नाण्याला इथे लूनीच म्हणतात. त्याआधीच्या डॉलरवर कनू होती. नव्या नाण्यावरही तीच राहायची होती, पण टाकसाळीकडे पाठवलेले साचे वाटेत हरवले आणि घाईने लूनचं चित्र घेतलं. हे मी बाबांना रात्री सांगणार होते. तेव्हा सांगता आलं नाही, कारण बोलायचं नव्हतं. चाळीस मिनिटं आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. त्यांच्या पाठीवर घामाचा डाग पसरत होता आणि मला एवढंच दिसत होतं की ते वळत नाहीत.

धक्क्यावर नवरा उभा होता. मिठी मारत म्हणाला, “दिवसभर दिसत होतात तुम्ही. मधे त्या कोपऱ्यात नुसते गोल फिरत होतात, मला वाटलं दिशा हुकली.” दुकानातल्या मुलाने कनू परत घेताना कुठवर गेलात असं विचारलं. मी काही बोलायच्या आत बाबांनी समोरचा खडक बोटाने दाखवला. तिथून स्पष्ट दिसत होता. मुलगा सभ्यपणे हसला.

डबा मात्र चिकूने सोडला नाही. दोरी आणि शिट्टी परत दिली, डब्याचे पैसे भरले. तो आता आमच्या बाथरूममध्ये असतो. टबात बसला की चिकू त्यातलं पाणी उपसून बाहेर फरशीवर टाकतो, रोज, अगदी मन लावून. मी पहिल्या दिवशी धावले, तर बाबा दारात उभे होते.

“उपसूंदे गो,” म्हणाले. “होडयेत पाणी आसा त्याच्या.”